रिकाम्या मखरातला गणपती

खरं सांगायचं तर त्या वर्षी बाप्पाच माझ्यावर रुसला, असं मला वाटलं होतं. सासरे गेले आणि घराण्याचा गणपती आखातात, फुजैराला आमच्याकडे आला. चार पिढ्यांत त्यात खंड नाही, आणि मला हे चारचौघांत मिरवायची भारी हौस. मूर्ती विमानात मांडीवर घ्यायची सोडून मी शहाणीने ती साड्यांत गुंडाळून बॅगेत भरली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी सुट्टीवरून परतले, बॅग उघडली, तर सोंड तुटलेली. भंगलेली मूर्ती पूजेला बसवत नाहीत आणि इथे दुसरी मिळणार नव्हती. परंपरा माझ्याच हातून तुटली, समुद्र ओलांडलेला देवाला रुचला नाही, असं काहीबाही मनात येऊन मी मखरापुढे रडत बसले.

संध्याकाळी यांच्या तेलाच्या टर्मिनलवरचे एक वयस्कर डच इंजिनिअर आले. मी त्यांना प्रथमच पाहत होते. आमच्या नववीतल्या लेकीचा युरोपातल्या धर्मसुधारणेवर प्रोजेक्ट होता, म्हणून ते आपल्या गावच्या चर्चचा फोटो घेऊन आले होते. पांढऱ्याफटक भिंती आणि एक रिकामा कोनाडा.

"अंकल, व्हेअर इज द स्टॅच्यू?" लेकीने विचारलं.

ते इंग्रजीत सांगू लागले. चारशेहून जास्त वर्षांपूर्वी धर्मावरून भांडणं पेटली, राज्य बदललं, आणि लोकांनीच मूर्ती फोडून चित्रांवर चुना फासला. "इतकी सुंदर कला गेली, याचं मला आजही वाईट वाटतं. पण माझी आई त्या कोनाड्यासमोरच बसायची. देव तिथे नाही, असं तिला कधी वाटलं नाही."

लेक माझ्याकडे वळली. "आई, आजोबा ऑल्वेज डिड द सुपारी फर्स्ट. दॅट इज ऑल्सो बाप्पा, नो?"

पूजेत आधी तांदळावर सुपारी मांडून तिलाच गणपती म्हणून पुजतात, हे मी जन्मभर पाहिलेलं. मखराच्या नादात तेच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी मखरात सुपारी बसली. एरवी इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या माझ्या लेकीने आजोबांनी शिकवलेली पूजा न अडखळता सांगितली. डच पाहुणे मोदक खायला आले होते, तेही डोळे मिटून शांत बसले होते.

तो फोटो नेमका त्याच संध्याकाळी का आला, ते बाप्पालाच ठाऊक. मी फक्त हात जोडते. पुढे दरवर्षी मूर्ती मांडीवरून आणली, पण ती सुपारी देव्हाऱ्यात जपून ठेवली. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा मी तिला चांदीची मूर्ती देऊ केली. तिने सुपारी मागून घेतली, आणि तेही मराठीत.