दोन्हीकडचा

डब्लिनहून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. हे डब्लिन ओहायोतलं, कोलंबसला चिकटलेलं. बायकोनं, मंजिरीनं, माझ्या आणि लेकीच्या, इराच्या, तळहातावर दही-साखर ठेवली. आदल्या संध्याकाळी आमच्या रीतीप्रमाणे प्रवासाची सगळी निळी पुस्तकं मी देवापुढे मांडून त्यांना हळद-कुंकू वाहिलं होतं : अमेरिकन पासपोर्ट, जुने रद्द झालेले पासपोर्ट आणि ओसीआय (नागरिकत्व सोडलेल्या भारतीयांना आणि त्यांच्या मुलांना ये-जा करू देणारं ओळखपत्र). निघायच्या घाईत गठ्ठा उचलला आणि बॅगेत टाकला.

विमान न्यू जर्सीतल्या नुअर्कहून होतं. कोलंबसहून बदलत बदलत जाण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, आणि गाडी तिथे जवळच एडिसनला माझ्या मित्राच्या, शिरीषच्या दारात ठेवता येते. इराला नवा पासपोर्ट मिळाला म्हणून ओसीआयही नवं करावं लागलं होतं. दोनदा फी, तीनदा फोटो. एकदा तर केसांखाली कान झाकला गेला म्हणून फोटो परत आला. त्यामुळे काटकसर आवश्यकच होती.

पेनसिल्व्हेनियात शिरलो तसे डोंगर जवळ आले. पानं झडलेली झाडं, सावलीच्या बाजूला उरलेला बर्फ, आणि चढावर धापा टाकणारे ट्रक. एका थांब्यावर बाकावर दशम्या आणि लसणाची चटणी काढली. शेजारचा म्हातारा ट्रकवाला बराच वेळ बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "हे पॅनकेक का?" इरानं त्याला चटणी लावून तुकडा दिला. त्यानं तो नीट चावला, डोळे पुसले आणि म्हणाला, "याला सिरप हवं होतं."

इरा हसत गाडीत बसली. "बाबा, आजीला हे सांगणार मी. तिनं मला इलेक्शन बघायला बोलावलंय. शी इज सो एक्सायटेड!"

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

आई पुण्यात एकटी असते. महापालिकेचं मतदान चार दिवसांवर आलं होतं. तिचे गुडघे गेलेत. "या खेपेला तुझा हात धरून जाईन, दोघं मत देऊन येऊ," असं तिनं फोनवर सांगितलं होतं. यादीत माझं नाव अजून होतं. दर निवडणुकीला शाळेबाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या देणारी पोरं माझं नाव पुकारत, आणि आई सांगे, "अमेरिकेत आहे. येईल." मी अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा तिला म्हटलं होतं, "आई, मी आता दोन्हीकडचा नागरिक." भारत तसं करू देत नाही, मत देण्याचा हक्कही उरत नाही, हे सांगायचं मी गिळलं. तिनं मात्र ते अख्ख्या सोसायटीला अभिमानानं सांगितलं.

नुअर्कच्या काउंटरवरच्या बाईंनी इराची दोन पुस्तकं उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"हा नवा पासपोर्ट. हा रद्द झालेला. ओसीआय कुठंय?"

बॅग उलटी केली. नव्हतं.

"सर, तुम्ही जाऊ शकता. मुलगी नाही."

इराचे डोळे भरले. आणि मला, खरं लिहायचं तर, हायसं वाटलं. विमान चुकलं की मतदान चुकणार, आणि मतदान चुकलं की काही सांगावं लागणार नाही.

तिला एकटीला सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. तिकिटं पुढे ढकलली, त्याचा दंड भरला आणि एडिसनला शिरीषकडे गेलो. तिथून मंजिरीला फोन लावला. ती देवघरात गेली आणि तिथूनच ओरडली, "अरे संजय, गणपतीच्या मागे सरकलंय! देवाला दाखवायला ठेवलंस की देवालाच देऊन गेलास?"

"असू दे. साध्या पोस्टानं पाठव. घाई नको."

"घाई नको? तिकडे आई वाट बघतायत!"

मागे इरा उभी होती. "बाबा, व्हाय वुड यू से दॅट?"

ओक ट्री रोडवरच्या एका उपाहारगृहात साबुदाणा खिचडी समोर निवत होती, तिथे मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग पहिला फोन तिनंच मंजिरीला लावला. "आई, ओव्हरनाइट कुरिअर कर. प्लीज." आणि माझा फोन माझ्यापुढे सरकवला. "नाउ यू. आजीला."

पुण्यात सकाळ झाली होती. मी अडखळत सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आईनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"म्हणजे तू इथला नाहीसच?"

"कागदावर नाही, आई."

आई म्हणाली, "हाताला धरून शाळेपर्यंत नेता येतं ना अमेरिकेच्या माणसाला? मग या."

पुस्तक दुसऱ्या दिवशी आलं, आणि मतदानाच्या आदल्या रात्री आम्ही पुण्यात पोहोचलो. शाळेच्या फाटकाशी आईनं माझा दंड घट्ट धरला होता. टेबलावरच्या पोरानं माझं नाव पुकारलं. आई म्हणाली, "त्याला चिठ्ठी नको. माझा मुलगा आहे तो, पण अमेरिकन आहे. मला पोचवायला आलाय." ती इराच्या आधारानं आत गेली. मी फाटकाबाहेर तिची चप्पल सांभाळणाऱ्यासारखा उभा राहिलो.

निघण्याआधी यादीतून नाव काढायचा अर्ज देऊन आलो. परतताना पेनसिल्व्हेनियाचे डोंगर पुन्हा लागले. बर्फ वितळून गेला होता, इरा गाडी चालवत होती. त्याच थांब्यावरून आईला फोन केला. म्हटलं, पुढच्या खेपेला तिथे माझं नाव कोणी पुकारणार नाही.

"बरं झालं," आई म्हणाली. "म्हणजे आता तुझी वाट फक्त घरीच बघायची."