चार सुया आणि एक मोजा

हसू येतं आता, पण खरं तेच सांगायचं. ही वहिनी गल्लीत राहायला आली तेव्हा सगळ्या बायकांचं एकमत झालं होतं: गरीब गाय आहे बिचारी. मान खाली, मांडीवर लोकर, शिंक आली तरी "सॉरी" म्हणणार. कसली गरीब न् कसली गाय! लोकरीचे गुंडे दिसले सगळ्यांना, सुया कुणी बघितल्याच नाहीत.

वहिनी स्वेटर विणायची आणि घरच्या जुन्या गाडीत घालून दुकानादुकानांत स्वतः पोचवायची. गाडी म्हणजे तिचे पायच. पण त्या पायांना रोज सकाळी लकवा! संध्याकाळी बॅटरी चार्ज करून बसवावी, तर सकाळी ठार. तिचे अहो धक्का मारमारून घामाघूम. शेवटी वैतागून त्यांनी गिऱ्हाईकच शोधलं.

"उद्या सकाळी येतोय तो. जाऊ दे ही ब्याद."

"अहो, गाडीला काही झालेलं नाही. तो कंपनीचा रेडिओ बंद पडलाय, तरी गरमच असतो. हात लावून बघा. रात्रभर बॅटरी तोच पितो."

"आणि काढणार कोण? डॅशबोर्ड फुटला तर भंगारवालासुद्धा घ्यायचा नाही."

"मी काढते."

अहो इतके मोठ्याने हसले, की ओट्यावर बसल्या बसल्या सासूबाईंची डुलकी मोडली.

रेडिओच्या दोन्ही कडांना दोन-दोन बारीक भोकं. त्यांत घालायला खास किल्ल्या मिळतात म्हणे. वहिनीने आधी बॅटरीची वायर सोडवली आणि मोजे विणायच्या चार पोलादी सुया आणल्या. दिल्या आत खुपसून. कट्! कट्! पकडी सुटल्या. सुया बाहेरच्या अंगाला ताणून तिने ओढलं. रेडिओ बोटभर पुढे आला आणि रुसून बसला.

"तुटेल गं! ढकल परत!" अहो खिडकीतून ओरडले.

"तुम्ही जरा श्वास घ्या."

तिने जोर केलाच नाही. लोकरीची गाठ ओढली की आवळते, हे तिच्या बोटांना पाठ. जरा डावीकडे, जरा उजवीकडे, लाडीगोडी लावत ती रेडिओला हलवत राहिली. "मागे काहीतरी मऊ अडकलंय," ती म्हणते तोवर रेडिओ बाहेर! मागे वायरींचं जंजाळ आणि त्या जंजाळात एक मोजा. तपकिरी, पिवळ्या पट्ट्याचा.

या मोज्याचं घरात केवढं रामायण झालेलं! बायकोने विणलेल्या जोडीतला एक तिनेच धुताना हरवला, असं अहो येईल-जाईल त्याला सांगायचे. "माझ्या हातून वस्तू हरवत नाही," ती म्हणायची, की हे भुवया उडवायचे.

"रेडिओ खडखडायचा म्हणून खालून काहीतरी कोंबलं होतं खरं," अहो पुटपुटले. "मला वाटलं, फडकं आहे."

वहिनीने रेडिओच्या वायरी सोडवल्या, त्यांची तोंडं चिकटपट्टीने बांधली, बॅटरी चार्ज करून आणून बसवली.

सकाळी गिऱ्हाईक दारात. वहिनीने किल्ली फिरवली आणि पहिल्याच फटक्यात गाडी अशी गुरगुरली, की कुंपणावरचं मांजर उडालं!

"वा! घेतो मी," गिऱ्हाईक खूश.

"विकायची नाही," अहो म्हणाले. हो, अहोच! वहिनी तर नुसती गालात हसत होती.

गिऱ्हाईक गेल्यावर मात्र त्यांना परत कंठ फुटला. "गाडीचं मान्य. पण तो मोजा माझाच कशावरून?"

वहिनी कपाटातून दुसरा मोजा घेऊन आली. तोच पिवळा पट्टा, टाचेला तोच चुकलेला टाका.

"घाल रे दोन्ही," सासूबाईंनी निकाल दिला.

"आई, याला ऑइलचा वास येतोय!"

"घाल म्हटलं ना!"

अहोंनी घातले. वहिनीने स्वेटरांचं गाठोडं मागच्या सीटवर टाकलं, गाडी रस्त्यावर घेतली आणि काच खाली केली.

"आणि धुवायचे तुम्हीच हं. माझ्या हातून हरवतात ना!"