महाराजांचं तिकीट

नलिनी रेडकरला राग आला की ती आधी गप्प होते. घाटकोपरच्या भटवाडीत हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. चढावर तिच्या दारासमोर कुणी रिक्षा आडवी लावली, तर ती पदर खोचून नुसती बघत उभी राहते, आणि शहाणा रिक्षावाला तेवढ्यातच गाडी काढतो. जो काढत नाही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

शांघायमध्ये ती गप्प झाली तेव्हा मात्र या गप्प बसण्याचा अर्थ कळणारा माणूस त्या सबंध शहरात एकच होता, आणि तो हॉटेलच्या तळघरात भेंडी चिरत होता.

तो म्हणजे तिचा नवरा लवू. एका सहल कंपनीत तो महाराज आहे, म्हणजे आचारी. जातीने मराठा, पण परदेशी सहलीवर आचाऱ्याला महाराजच म्हणायचं, अशी रीत पडली आहे. आपली माणसं चीन बघायला निघतात ती स्वतःचा आचारी, स्वतःची डाळ आणि स्वतःचे कुकर घेऊन. सकाळी राजवाडा बघायचा आणि दुपारी वरणभातावर लिंबू पिळायचं. पिळावं की! पोटाला सवय असते, त्याला कोण काय करणार? पण लोक राजवाड्यात असतात तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजायला कुणीतरी मागे राहिलेलं असतं, हे लिंबू पिळणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही. राग येतो तो याचा.

लवूचा बाप मिलमध्ये होता. मिल बंद पडली तेव्हा लवू लग्नांच्या पंगतींत कढया घासायला लागला, तिथेच शिकला आणि कंपनीत लागला. चीनला तो कितीतरी वेळा गेला. मधली काही वर्षं त्या सहली बंद होत्या, आता पुन्हा सुरू झाल्या. तो परत आला की शेजारी जमायचे आणि नलिनी पवईच्या ऑफिसांचे डबे भरता भरता ऐकायची. चीनची भिंत कशी आहे? "चढान चढान गुडघे गेले रे!" मातीचे शिपाई? "गर्दी केवढी! एका बाईची पर्स गेली." राजवाडा? "चालान चालान पाय सुजले." लोक हसायचे, नलिनीही हसायची आणि मनात म्हणायची, एकदा या माणसाबरोबर त्या भिंतीवर उभं राहायचं.

तिला चीनचं एवढं काही नव्हतं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, आणि दोघं मिळून कुठे गेली असतील तर गणपतीला मालवणकडे, तीही सोबत दहा माणसं आणि वीस पिशव्या घेऊन. बायकांना नवऱ्याबरोबर एक फोटो हवा असतो, ज्यात मागे पाळणा नाही, सासू नाही, गणपती नाही. तिलाही हवा होता. मुलगी मानसी नोकरीला लागली आणि तिने आईला बापाच्याच सहलीत बसवून दिलं. नलिनीने बूट घेतले, भटवाडीभर सांगितलं, "आमी दोघा भिंत बघूक चललंव."

विमानतळावरच पहिला चटका बसला. कृणाल नावाचा टूर मॅनेजर होता, मुलुंडचा, मानसीच्या वयाचा, गोड बोलणारा. तो म्हणाला, "काकू, तुम्ही गेस्ट. काका स्टाफ. रूम वेगळी असते ना." नलिनीला खोली मिळाली प्रेमाबेन नावाच्या एका विधवा बाईंबरोबर, आणि लवूला सामान उचलणाऱ्या माणसाबरोबर. आपलाच नवरा आपल्याला जेवणाच्या हॉलमध्ये वाढायला येतो आणि "अजून भाजी, मॅडम?" विचारतो, कारण तसा नियम आहे! तिने ताट तसंच बाजूला सारलं.

शांघायला नदीकाठी उंच इमारतींवर दिवे लागले. सगळे फोटो काढत होते. नलिनी गर्दीत लवूला शोधत राहिली. तो आला नाही, आणि ती गप्प झाली. शियानला जमिनीतून निघालेल्या त्या मातीच्या सैन्यापुढे ती उभी राहिली. रांगेने शेकडो शिपाई, एकाचं नाक दुसऱ्यासारखं नाही. तिथे तिला पहिल्यांदा जाणवलं की लवूने या नाकांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. सांगितलं ते फक्त गर्दीचं आणि पर्सचं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याआधी तिने त्याला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"तुमी ते शिपाय बघलास कधी?"

लवूने हातातला झारा खाली ठेवला. "नाय."

"भिंत?"

"नाय गो."

"मगे इतकी वर्षां माका काय सांगी होतास?"

"वाढताना लोकांचा बोलणां कानार पडतां. तांच सांगी होतंय." तो खाली बघत म्हणाला. "खरां सांगूक लाज वाटली."

तिला त्याचा राग आला, असा की कानशिलं तापली. खोटं बोलला म्हणून नाही. इतकी वर्षं तळघरात उभं राहून, लोकांची गुडघेदुखी आपली म्हणून घरी आणली आणि त्यावर हसून दाखवलं, म्हणून. बिचारेपणाचाही राग येतो माणसाला. आपल्याच माणसाच्या बिचारेपणाचा तर फारच.

"भिंतीर तुमी येतलास," ती म्हणाली. "माका बाकी कायएक नको."

"कृणालाक इचारतंय," लवू म्हणाला. त्याने विचारलं असेल असं तिला वाटलं नाही, आणि ते खरंच होतं.

बीजिंगहून बस भिंतीच्या पायथ्याशी पोचली. तिथे एका उपाहारगृहाचं स्वयंपाकघर कंपनी दुपारपर्यंत भाड्याने घेत असे. लवू भांडी उतरवून केव्हाच आत गेला होता. चिनी गाइड मुलगी बसमध्येच तिकिटं वाटत होती. पासपोर्टवरचं आडनाव वाचून तिने नलिनीच्या हातात दोन ठेवली. नलिनीचा चेहरा उजळला. मेल्याने विचारलं म्हणायचं!

तेवढ्यात कृणालने हात पुढे केला. "काकू, एक इकडे द्या. ते महाराजांचं. ग्रुपमध्ये नाव असतं ना, म्हणून दर वेळी निघतं. वाया जातं."

"दर वेळी?"

"हो ना. काय करणार!"

उरलेल्या भाताबद्दल बोलावं तसं तो सहज बोलला. म्हणजे दर वेळी तिकीट निघत होतं. लवूच्या नावाचं, भिंतीवर जायचं, खरंखुरं तिकीट. कुणी अडवलेलं नव्हतं त्याला. त्याच्यापर्यंत ते पोचवावं एवढंच कुणाला सुचलं नव्हतं. नलिनी गप्प झाली. तिकीट तिने दिलं नाही.

मग ती म्हणाली, "आज दुपारी थंड जेवा. सकाळचे पराठे आहेत, लोणचं आहे. त्याला वर येऊ दे."

"काकू, ऐका ना, असं नसतं ते," कृणाल म्हणाला. "आज पुरणपोळीचा बेत आहे. पत्रकात छापलंय, भिंतीच्या पायथ्याशी गरमागरम मराठी जेवण."

"आम्ही त्याचेच पैसे भरलेत," पुढच्या सीटवरून देवव्रत साने म्हणाले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, पहिल्या दिवसापासून पुढची सीट यांची. "वाईट वाटून घेऊ नका, पण आचाऱ्याने वर जाऊन करायचंय काय?"

कृणालला कुणालाच दुखवायचं नव्हतं, आणि असली माणसंच सगळ्यांत जास्त दुखवतात. तो म्हणाला, "ठीक आहे, गरम जेवण कुणाकुणाला हवंय, हात वर करा." भराभर हात वर गेले. प्रेमाबेनचाही गेला, अर्धा, खांद्यापर्यंत. रोज नलिनीकडून पाठीला बाम चोळून घेणाऱ्या बाई! त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

नलिनी बसमधून उतरली. ती तडक स्वयंपाकघरात शिरली. लवू पुरणाची डाळ धूत होता.

"ह्यां तिकीट. जावा वर."

"खुळी काय गो? माणसां उपाशी ऱ्हवतली."

"नाय ऱ्हवणत. मी करतंय." तिने त्याच्या पाठीमागे जाऊन ॲप्रनची गाठ सोडली. "पवईत इतके डबे रोज कोण भरतां? तुमी?"

"पैसे तुझे भरलेत. तू बघ जा."

"मी एकटी जावन काय करू? दगड मोजू?" तिचा आवाज चढला. भांडी विसळणारी चिनी बाई दचकून बघायला लागली. "आज तुमी नाय गेलास ना, तर मी पण नाय. हयसरच बसतंय, नि घराक गेल्यार सगळ्यांका सांगतंय, रेडकरांनी चीन बघल्यानी नाय म्हणान!"

लवूने तिच्याकडे बघितलं. भांडणात तो कधीच जिंकला नव्हता. त्याने हात पुसले, तिची टोपी डोक्यावर घातली आणि मालकाच्या घरात शिरावं तसा बिचकत बाहेर पडला. ओट्यावर चार्जिंगला लावलेला फोन तो तिथेच विसरला.

नलिनीने डाळ बाजूला सारली. पुरण रागात होत नाही, पिठलं होतं. तिने कांदा असा चिरला की त्या चिनी बाईने आपला सुरा उचलून लांब ठेवला. मोठ्या कढईत फोडणी तडतडली. एकीकडे भात लावला. गरम हवंय ना? घ्या गरम.

दुपारी मंडळी लालबुंद होऊन खाली आली. "पुरणपोळी होती ना आज?" सान्यांनी विचारलं.

"होती. आता पिठलं आहे," नलिनी म्हणाली आणि त्यांच्या ताटात एवढा मोठा डाव ओतला की पुढचा प्रश्न विचारायची त्यांची छाती झाली नाही. सगळे जेवले. सान्यांनी दोनदा भात घेतला.

बस निघायची वेळ झाली, आणि लवूचा पत्ता नाही. कृणालने फोन लावला तर तो ओट्यावर वाजायला लागला. कुणीतरी म्हणालं, "ते वर जिन्याच्या तोंडाशी बसलेत. आम्ही हाक मारली, पण ते खाली रस्त्याकडेच बघत होते." बीजिंगमध्ये जेड दगडाच्या दुकानाची वेळ ठरलेली होती. अर्धा तास गेला. बसमध्ये कुजबुज वाढली, मग कुजबुजीचा कलकलाट झाला.

"हे अति झालं," साने म्हणाले. "एका आचाऱ्यासाठी आम्ही ताटकळायचं? चला. येईल तो मागून टॅक्सीने."

ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. नलिनी उठली आणि बसच्या दारात, पायरीवर उभी राहिली. दार लागेना.

"ताटकळायचं?" ती म्हणाली. आता आवाज फुटला होता. "तो इतकी वर्षं तळघरात ताटकळलाय, विचारलंत कधी? वर चीन बघायचा तुम्ही, खाली पोळ्या लाटायच्या त्याने. तुम्हाला भिंत, तुम्हाला राजवाडा, आणि त्याला काय? तुमचे गुडघे! घरी येऊन तेच सांगतो बिचारा, दुसरं काही बघितलंच नाही तर सांगणार काय? हात वर केलेत ना सकाळी? लाज नाही वाटली? ज्याच्या हातचं खाता त्याला विचारायचं सोडून एकमेकांना विचारता! आता करा ना हात वर. कोण माझ्या अंगावरून बस नेतंय बघू दे मला."

एकही हात वर झाला नाही. प्रेमाबेन पदराने डोळे टिपत होत्या. त्या रडण्याचाही नलिनीला राग आला.

कृणाल जवळ येऊन हळूच म्हणाला, "काकू, ऑफिसला कळलं तर काकांची नोकरी जाईल."

"जाऊ दे. डब्यांना मला माणूस हवाच आहे."

एवढ्यात लवू येताना दिसला. टोपी हातात, तोंड उन्हाने रापलेलं. बसकडे, कृणालकडे त्याने बघितलंही नाही. सरळ नलिनीपुढे येऊन उभा राहिला.

"इलंस नाय ती?"

"खय?"

"वर. माका वाटलां, भात लावून येतली. थयच बसान ऱ्हवलंय, वाटेर डोळे लावन. पुढे गेलंयच नाय."

"म्हणजे... बघलास नाय?"

"तुझ्याबिगर काय बघू?"

नलिनीने कपाळावर हात मारला. "देवा! मी हयसर जगाशी भांडतंय, नि हो माणूस पायरेर बसलोहा!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

आतून साने ओरडले, "आले ना महाराज? मग चला आता!"

लवू बसच्या दाराकडे वळला. कंपनीत लागल्यापासून पाहुण्यांशी तो "अजून वाढू?" याच्यापलीकडे काही बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"आम्ही दोघं वर जाऊन येतो," तो म्हणाला. "घाई नाही करणार."

"अहो, पण जेडचं दुकान—" कृणालने तोंड उघडलं.

"रात्रीचं जेवण कोण करणार आहे?" लवूने विचारलं. त्याने आवाज चढवला नव्हता, खरंच विचारावं तसं विचारलं. मग बायकोचा हात धरला, तिथे, सगळ्यांसमोर, आणि तिला घेऊन तिकिटाच्या खिडकीकडे निघाला. गाइड मुलगी न सांगताच त्यांच्या पुढे धावली.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सान्यांनी सीट मागे केली. रात्री सगळ्यांनाच जेवायचं होतं.