मुळ्येकाकांचा बर्फाचा तवा

मुळ्येकाका ताटावरून उठायच्या आधी जेवणाचा निकाल सांगत. घरात पाहुणे असोत नाहीतर फक्त ते दोघं, पेला बाजूला सरकवायचा आणि म्हणायचं, "वरणात हिंग जास्ती. सब्जी बरी. पोळ्या आज कडक." काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत आणि आत जात. सगळं अगदी जमून आलं असेल, तर काका म्हणत, "ठीक आहे." त्याच्या वरचा शब्द त्यांच्याकडे नव्हता. कंपू मोहल्ल्यात मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. शाळेत शिकवून येताना काकूंनी हाक मारली की मी त्यांच्याकडेच जेवून घेत असे. "छान झालंय" असं काकांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

मी एकदा त्यांना टोकलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "बात अशी आहे, सुधाताई, तारीफ केली की माणूस ढिला पडतो. मशीन असो की बायको, कसलेली बरी." त्यांची सगळी नोकरी बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये गेली होती. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकून त्याचं दुखणं ओळखणारा माणूस म्हणून त्यांचा लौकिक होता. काकू हे ऐकून हसल्या होत्या. "माझा आवाज येत नाही ना, म्हणून पंचाईत आहे," त्या म्हणाल्या. काकांना ते विनोदाने घ्यावंसं वाटलं आणि त्यांनी तसं घेतलं.

बाहेरचं खाणं काकांना चालत नसे. काकू आणि मी महिन्या-दोन महिन्यांनी कापड बघायला म्हणून बाड्यावर, गावातल्या मोठ्या बाजारात, जात असू, आणि कापड बघायच्या आधी गोलगप्प्यांच्या ठेल्यासमोर उभ्या राहत असू. पुदिन्याच्या तिखट पाण्याने काकूंच्या नाकाडोळ्यांतून धारा लागत, तरी त्या द्रोण पुढे करून आणखी पाणी मागून पीत. घरी जाताना पदराने तोंड पुन्हा पुन्हा पुसत. साठी उलटलेली बाई, पण शाळा बुडवून आलेल्या मुलीसारखी दिसे.

मग काकूंच्या घशात गाठ निघाली. कॅन्सर होता. किरणांचे शेक सुरू झाले आणि थोड्याच दिवसांत तोंड आतून सोलवटून निघालं. कोमट पाणीसुद्धा झोंबे. तिखट-मीठ तर लांबच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चव जाईल, पुढेमागे परत येईलही, पण थंड आणि मऊ जे जाईल ते देत राहा. काकूंना बर्फाचा खडा चोखला की बरं वाटे, पण त्याच्या कडा टोचत.

त्यानंतर मुळ्येकाका आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरले. जुन्या डीप फ्रीझरचा कॉम्प्रेसर त्यांनी कुठूनसा आणला, स्टीलच्या जाड पत्र्याखाली तांब्याची नळी वेटोळी करून डाख देऊन जोडली, भोवती थर्मोकोल भरलं आणि सगळं एका लाकडी खोक्यात बसवून ओट्यावर शेगडीशेजारी मांडलं. चालू केलं की पत्र्यावर पांढरं दंव धरे. त्यावर पळीभर काही ओतलं की धिरडं पसरावं तसं पसरे आणि बघता बघता कडेने आत गोठत येई. परदेशातल्या मोठ्या हॉटेलांत असा उलटा तवा असतो, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी ओलं बोट त्यावर टेकवलं आणि बोटाचं कातडं तिथेच राहिलं. काकूंनी खुणेने हळद दाखवली.

प्रयोग सुरू झाले. नुसतं ताक ओतलं तर काचेसारखं फुटे. दही ओतलं तर पत्र्याला चिकटून बसे. आधी तुपाचं बोट फिरवलं की कालथ्याने अलगद सुटतं, सायीचं दही घेतलं तर वरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखं राहतं, हे काकांना हळूहळू कळलं. वरण गोठवून पाहिलं, ते त्यांनी स्वतःच थुंकून टाकलं. आंब्याचा रस जमला. दुधीच्या खिरीची चकती तर इतकी सुरेख झाली की मी दुसरी मागून घेतली. "थंडीत गोडी मरते, सुधाताई," ते मला समजावून सांगत. "जिभेला गोड लागायचं तर वाटीत त्याहून ज्यादा गोड पाहिजे." इतक्या वर्षांत पोळीला पीठ किती लागतं हे न विचारलेला माणूस ओट्यापाशी उभा राहून साखरेबद्दल बोलत होता.

चकती वितळायच्या आत ते गार चमचा घेऊन काकूंच्या पलंगाशी धावत. काकू तोंड उघडत, जीभ हलवत, गिळत. काका विचारत, "कसं आहे?"

काकू म्हणत, "ठीक आहे."

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरोखरच चव लागत नव्हती, आणि दुसरं काय म्हणायचं हे त्या घरात त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. पण काका दर वेळी स्वयंपाकघरात परत येऊन ओट्याला हात टेकून उभे राहत. एके दिवशी त्यांनी मला तिथेच गाठलं आणि आवाज खाली करून विचारलं, "तिला काय आवडतं, तुम्हाला माहीत आहे?"

मी सांगितलं. बाड्यावरचं, द्रोणातलं, आंबटतिखट पाणी.

"बाड्यावर? रस्त्यात उभ्याने?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः डबा घेऊन बाड्यावर गेले. ते पाणी तिला सोसायचं नाही, असं मी बजावलं होतं. त्यांनी त्यात पाणी घातलं, गूळ घातला, साय घातली आणि हिरवट रंगाची एक चकती गोठवली. काकूंनी ती जिभेवर घेतली आणि त्यांचे डोळे भरून आले. काकांना वाटलं, आठवण आली. ते खाली वाकून भराभर म्हणाले, "शालिनी, लागली ना चव? आणखी काय काय आवडतं तुला? सांग, सगळं करतो."

काकूंनी चकती तळहातावर काढून ठेवली. त्यांचं तोंड भाजल्यासारखं झालं होतं. मी पाणी दिलं. आवाज जवळजवळ गेलेलाच होता, तरी त्यांनी शब्द नीट उच्चारले.

"आता विचारताय?"

आणि त्या भिंतीकडे वळल्या. त्यात राग नव्हता. राग असता तर काकांना उत्तर तरी देता आलं असतं.

त्यानंतरही ते चकत्या करत राहिले. काकू औषध घ्यावं तशा त्या घेत. थंडी संपता संपता त्या गेल्या.

तेराव्याला समाजातली बरीच मंडळी आली होती. मुलगा मिलिंद पुण्याहून आला होता. बाबांनी आईसाठी काय काय केलं, हे तो सांगत होता. ऐकून सगळ्यांना तो तवा बघायचा होता. काका नको नको म्हणत असताना कोणीतरी बटण दाबलंच. मग त्यांना दूध ओतून दाखवावं लागलं. चकत्या वाटल्या गेल्या. एक पुतणी म्हणाली, "काका, एक बार और करा ना, व्हिडिओ नीट आला नाही." कोणी म्हणालं, असा नवरा मिळायला नशीब लागतं.

काकांनी कालथा खाली ठेवला. "तिला चव लागत नव्हती," ते म्हणाले. "लागत होती तेव्हा मी कधी विचारलं नाही. तुम्ही लोक काय बघता आहात?"

मिलिंदने घाईने सांगितलं की बाबा थकले आहेत, आणि पानं वाढायला घेतली. कोणीही तो विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी करवतीने तांब्याची नळी कापली. आतला गॅस फुसकन निघून गेला. त्याच आठवड्यात मिलिंद त्यांना पुण्याला घेऊन गेला.

अधूनमधून त्यांचा फोन येतो. गेल्या खेपेला मी जेवणाखाण्याची चौकशी केली. म्हणाले, सून हौसेने करते, हाताला चव आहे. "मी निकाल देणं बंद केलंय, सुधाताई. मुकाट जेवतो आणि उठतो. ती मिलिंदला म्हणत होती, मी ऐकलं. बाबांना माझ्या हातचं काहीच आवडत नाही, एक शब्द बोलत नाहीत."

"मग सांगा ना तिला, छान झालंय म्हणून."



"रोज ठरवून बसतो ताटावर," काका म्हणाले. "निघत नाही हो तोंडातून."