बरडावर मारवेल

हिंगणीच्या वर, जंगलाला लागून, चराईचा एक लांबलचक उतार होता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, पन्नासच्या दशकात, मला त्याची तब्येत तपासायला पाठवलं. गवताची तब्येत म्हणजे काय, हे घरी कुणाला पटवता आलं नाही. मुलगा ढोरांचा डॉक्टर झाला, असंच आई शेजारी सांगत राहिली.

काम तसं सोपं होतं. खड्डा खणून माती ओळखायची. कुठल्या मातीवर कुठलं गवत हवं, याच्या याद्या माझ्याजवळ होत्या. मग लाकडी चौकट जमिनीवर टाकून यादीतलं गवत तिच्यात किती उरलंय ते पाहायचं. खड्डा मी खाली शेताच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, खणला, कारण तिथली माती मऊ होती आणि माझे हात त्याहून मऊ. काळी माती निघाली. काळीत मारवेल हवा. दिवसभर उतारावर चौकट टाकत हिंडलो, पण मारवेलाची काडी दिसेल तर शपथ. ऐटीत निकाल लिहिला: कुरण खंगलेलं, तीन वर्षं चराई बंद.

गावाची गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्या गायक्याला मी तो वाचून दाखवला. उतार बंद म्हणजे त्याची भाकर बंद. वाटलं, आता गयावया करील. त्याने कुठूनशी सब्बल, म्हणजे पहार, आणली आणि मला उताराच्या मधोमध नेऊन माझ्या हातात दिली. चार घाव घालतो न घालतो तोच मुरूम लागला आणि हाताला झिणझिण्या आल्या.

"साहेब, बरडाले मारवेल काऊन मांगता?" तो म्हणाला. "शेडा मांगा. तो हाये का नाई, पाहा."

शेडा गुडघाभर होता. दिवसभर मी तोच तुडवत होतो. बरडाच्या, म्हणजे मुरमाड जमिनीच्या, यादीत या गवताचं नाव सगळ्यात वर होतं. मी निकाल खोडला.

मग तो मला ओढ्याकाठच्या झाडांखाली घेऊन गेला. तिथे खरोखरच काळी माती होती आणि तिच्यावर नुसता तरोटा, ज्याला ढोर तोंड लावत नाही. दुपारची गुरं बसवून त्यानेच ती जागा तुडवली होती.

"हे बंद करा," तो म्हणाला.

मी विचारलं, मग दुपारी बसणार कुठे?

"उन्हात."

माझा नवा निकाल वर्ध्याच्या कचेरीत पोचायच्या आत त्याने तिथे बोरीचे काटे लावले. दुसऱ्या दुपारी तापल्या उतारावर, गुरांच्या मधोमध, डोक्यावर घोंगडी धरून तो बसलेला दिसला. मला माझी फार लाज वाटली.