काटेसाहेबांची टेकडीवरची रात्र

काटेसाहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तराजूतल्या खोड्या काढल्या. नोकरीच वजनमापं तपासायची. ते दारात दिसले की दुकानदाराचा अंगठा आपोआप पारड्यावरून उठायचा. निवृत्त झाल्यावर चुका काढायला घरात एकटी बायको उरली. पण ती शिवणकाम करणारी, हातात कायम कात्री. साहेबांनी तो उद्योग आठवड्यात गुंडाळला आणि हॅम रेडिओच्या नादी लागले.

हा नाद म्हणजे काय, तर परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात रेडिओ मांडायचा आणि अनोळखी माणसाला हाक मारून विचारायचं, ‘मी ऐकू येतोय का?’ तो म्हणतो, ‘येताय.’ मग दोघंही धन्य होऊन वहीत वेळ टिपतात आणि पुढचा माणूस शोधायला लागतात. एवढ्यासाठी साहेबांनी वरची भरपूर उजेडाची खोली अडवली होती. बायको खाली, जिन्याखालच्या कोपऱ्यात, भरदिवसा दिवा लावून लोकांच्या पँटी उसवत बसलेली.

बरं, आवाज तरी लांब जावा! सहा वर्षांत तो शेजारच्या जिल्ह्यापलीकडे गेला नव्हता.

“इमारती आड येतात गं,” साहेब म्हणायचे.

एक दिवस तिनं मशीन थांबवलं. “मग टेकडीवर जा की. तिथे कुठे आल्यात इमारती? सकाळी सहाच्या आत समुद्रापलीकडचं एक तरी माणूस तुमच्याशी बोललं, तर खोली तुमची, पुन्हा नाव काढणार नाही. नाही बोललं, तर माझं मशीन वर आणि तुमचा रेडिओ जिन्याखाली.”

“लिहून देतेस?”

“तुमच्या वहीतच लिहा. तिच्यात खोटं लिहायचं नसतं म्हणता ना?”

साहेबांनी लिहिलं, खाली सहीसुद्धा ठोकली. वही लिहायला तीच बरोबर गेली, कारण साहेबांचं अक्षर साहेबांनाही लागत नसे.

दिवेलागणीला टेकडीवर पोचले. उंच बांबू रोवला, त्याच्या टोकाला तांब्याची तार बांधून तिची वायर खाली सोडली. गाडीच्या बॅटरीवर रेडिओ चढवला. एखाद्यानं वायर रेडिओत खोचली असती आणि बोलायला लागला असता. पण हे पडले तपासनीस! त्यांनी पिशवीतून तेल भरलेला पत्र्याचा डबा काढला. रेडिओची चाचणी घेताना वायरीऐवजी हा डबा जोडतात. आवाजाची सगळी ताकद तेलात जिरते, हवेत काही जात नाही, जगाला उगाच त्रास नको. साहेबांनी डबा जोडला, दोनदा “हॅलो” म्हटलं, रेडिओवरचा काटा नीट हलला. “बघ, याला म्हणतात काम,” म्हणून ते घडीच्या खुर्चीत बसले आणि कानाला हेडफोन लावून जगाला हाका मारू लागले.

नऊ वाजले, दहा वाजले. कानात नुसतं सूं सूं.

“काय म्हणतंय जग?” बायकोनं शालीतून विचारलं.

“वरच्या हवेचा थर आज साथ देत नाही. सूर्यावर डाग आलेत.”

“रात्रीचे?”

बारा, दोन, चार. साहेबांचा घसा बसला, पण उमेद नाही. थंडी वाढली तशी त्यांनी डब्यावर हात शेकले. “किती तापलाय बघ! रेडिओ काय जोरात चाललाय!”

“हो ना,” ती म्हणाली, “दिसतंय.”

बरोबर सहाला तिनं वहीत वेळ लिहिली, खाली रेघ मारली, थर्मासमधला चहा ओतून त्यांच्या हातात दिला आणि मग विचारलं, “अहो, ती बांबूवरून आलेली वायर कशाला लागते हो?”

साहेबांनी वळून पाहिलं. वायरीचं टोक गवतात दव खात पडलं होतं. रात्रभर जगाला घातलेली साद बसल्या जागी तेलात तळली गेली होती!

“तू... तू कधी पाहिलीस?”

“साडेसातला.”

“आणि बोलली नाहीस?”

“मला वाटलं, तुमच्यात तशीच पद्धत असेल. मी बाई दोरा ओवल्याशिवाय मशीनवर बसत नाही.”

साहेबांनी डबा उपटला, वायर खोचली आणि हेडफोनमध्ये जत्रा भरल्यासारखा गलका झाला. सहा वाजून सात मिनिटांनी समुद्रापलीकडच्या एका दातांच्या डॉक्टरनं उत्तर दिलं, “पाच-नऊ! पाच-नऊ!”

“पाच-नऊ म्हणजे अगदी लख्ख ऐकू येतंय,” साहेबांनी सांगितलं.

डॉक्टरनं त्यांना नाव विचारलं. पुन्हा विचारलं. चौथ्यांदा विचारलं.

“लख्ख ऐकू येतंय, तर चारदा का विचारतोय?”

“सगळे सगळ्यांना पाच-नऊच म्हणतात. रिवाज आहे तो,” म्हणत साहेबांनीही, धड अर्धं ऐकू येत नसताना, डॉक्टरला पाच-नऊ देऊन टाकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “अगं, वहीत पाच छप्पन्न लिही ना. दहा-अकरा मिनिटांनी काय होतंय?”

बायकोनं पेनाचं टोपण लावलं. “दहा ग्रॅम कमी भरले म्हणून तुम्ही एका दुकानाला कुलूप घातलं होतंत. तो बिचारा पण हेच म्हणाला असेल.”

साहेबांनी वायर गुंडाळायला घेतली.

आता वरच्या खोलीत खिडकीशी मशीन आहे आणि बाई दिवसाउजेडी सुईत दोरा ओवते. बोलणं झाल्याची पावती म्हणून डॉक्टरचं कार्ड पोस्टानं आलं. त्यावरही ठळक पाच-नऊ आहे, फक्त साहेबांचं नाव चुकलंय. ते त्यांनी जिन्याखाली चिकटवलं. वाचायला दिवा लावावा लागतो. आवाज पुन्हा शेजारच्या जिल्ह्यापर्यंतच जातो.

“जिना आड येतो,” साहेब म्हणतात.