डिव्हायडरमधली फट

स्मृती नगरात आमच्या गल्लीसमोरचा डिव्हायडर कोणी फोडला, ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि विचारलं तर कोणालाच ठाऊक नव्हतं. स्कूटर निघेल एवढी फट. तिच्यातून घुसलं की घर समोर. नाहीतर पुढच्या चौकापर्यंत जाऊन वळून यायचं. स्टील प्लांटमधून शिफ्ट सुटल्यावर भुकेला माणूस चौक बघतो की घर?

एक दिवस रस्ते खात्याची सब-इंजिनिअर मजूर घेऊन ती फट बुजवायला आली. वयानं माझ्या मुलीएवढी, दुर्गला रेल्वेत नोकरीला असलेल्या मराठी घरातली. मी मुळात तापट, त्यात गल्लीचा पुढारी. तडक जाऊन आडवा उभा राहिलो.

"इतक्या वर्षांत कोनी मेलं का इथं, मॅडम? कावून बंद करून राहिले तुमी?"

"काका, प्लांटमधी नियर मिस लिहिता ना तुमी?" तिनं शांतपणे विचारलं.

लिहितो. अपघात होता होता टळला, तरी वहीत नोंदवायचा, अशी आमची रीत. नव्या पोरांना मीच बजावायचो, की मेल्यावर लिहून काय उपयोग.

"मंग उद्या दुपारी दोन वाजता, शिफ्ट सुटल्यावर, माझ्यासंग अर्धा घंटा उभे राहा. तुमीच लिहा. पान कोरं राहिलं तर मी मानसं वापस नेईन."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. वही घेऊन गेलो, जिंकायच्याच तयारीनं. पाच मिनिटांत बसवाल्यानं एकाला कसाबसा चुकवला. मग हेल्मेट कोपरात अडकवलेला आमच्याच प्लांटमधला एकजण मला नमस्कार करायच्या नादात ऑटोवर आदळता आदळता वाचला. लिहावंच लागलं. खोटं लिहायची सवय नव्हती.

मग पलीकडून एक स्कूटी आली आणि सरळ फटीत घुसली. हँडलला भाजीची पिशवी. समोरून येणाऱ्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला. स्कूटीच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावरून ट्रक घसरत गेला. बाईनं मागे वळूनही पाहिलं नाही, गल्लीत शिरली. ती माझी बायको होती.

मी वही टाकून दोन पावलं गल्लीकडे धावलो.

"वळखीच्या होत्या का?" इंजिनिअरनं विचारलं.

"घरची आहे," मी म्हणालो.

ती 'बघा, सांगितलं होतं ना' म्हणू शकली असती. तिचा हक्कच होता. तिनं पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि मी पिईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिली. त्याच दुपारी मजुरांबरोबर मीही विटा उचलल्या. गल्लीनं मला फितूर ठरवलं, ते नाव बरेच दिवस चिकटून राहिलं.

पुढे तिची बदली झाली. आभार मानायचे राहून गेले, कारण तेव्हा मला लाज वाटत होती. आता वाटत नाही. त्या मुलीचे माझ्यावर उपकार आहेत, आणि ते फिटण्यासारखे नाहीत.

बायकोला मी त्या दुपारचं कधी सांगितलं नाही. ती अजून चौकातून वळसा घालून येते, पिशवी ओट्यावर आपटते आणि म्हणते, "तुमच्या त्या मॅडमपायी रोज केवढा फेरा पडते मले."

मी पिशवीतली भाजी काढून ठेवायला लागतो. रोज चिडते, पण रोज घरी येते.